तीस जणांचं विमान: निर्वासितांच्या वाटणीचा २०१५ चा युरोपीय प्रयोग

४ नोव्हेंबर २०१५ रोजी अथेन्सहून लक्झेंबर्गला एक विमान निघालं. आत सीरिया आणि इराकमधली सहा कुटुंबं होती, माणसं मोजून तीस. त्यांना निरोप द्यायला ग्रीसचे पंतप्रधान आलेक्सिस त्सिप्रास जातीनं विमानतळावर आले होते. लक्झेंबर्गचे परराष्ट्रमंत्री जाँ आसेलबॉर्न होते, कॅमेरे होते. हा समुद्रातला एक थेंब आहे, असं त्सिप्रास स्वतःच म्हणाले. थेंब केवढा? आदल्या ऑक्टोबर महिन्यात तुर्कस्तानच्या किनाऱ्यावरून रबरी होड्यांत बसून दोन लाखांहून जास्त माणसं ग्रीसच्या बेटांवर उतरली होती. त्या वेगानं तीस माणसं यायला सहा-सात मिनिटं लागत होती.

हे विमान ज्या योजनेतलं, तिचंच हे प्रकरण. इटली आणि ग्रीसवरचा भार हलका करायचा आणि दोन वर्षांत एक लाख साठ हजार आश्रयार्थी युरोपीय संघातल्या इतर देशांनी वाटून घ्यायचे, असा तो बेत होता. प्रत्यक्षात हलली सुमारे ३४,७०० माणसं. एवढ्यावरून बरेच जण सांगून मोकळे होतात, की युरोपात निर्वासितांची न्याय्य वाटणी होणं अशक्य आहे, लोकांना ती नको आहे, विषय संपला. मला हे पटत नाही. योजनेचे सांधे उघडून पाहिले तर ती लोकांनी नाकारली असं दिसत नाही. तिनं देशांचा हिशेब मांडला आणि ज्यांना हलवायचं त्यांना काही विचारलंच नाही, घोडं तिथं अडलं.

आधीचा नियम

आश्रयाचा अर्ज कोणत्या देशानं तपासायचा, हे युरोपात ‘डब्लिन’ नियमानं ठरत आलं. मूळ करार १५ जून १९९० चा, अंमल १९९७ पासून, मग २००३ आणि २०१३ मध्ये सुधारून कायदा. हेतू वाईट नव्हता. त्याआधी एक देश दुसऱ्याकडे बोट दाखवायचा, दुसरा तिसऱ्याकडे, आणि माणूस विमानतळांमध्ये फिरत राहायचा. कुणीतरी एकानं अर्ज तपासलाच पाहिजे, हे डब्लिननं पक्कं केलं.

पण तो एक कोण? कागदावर कुटुंबाचा निकष पहिला आहे, मग व्हिसा, आणि त्यानंतर बेकायदा प्रवेश कुठून झाला हे पाहायचं. व्यवहारात शेवटचाच निकष भारी ठरला, कारण त्याचा पुरावा तयार असतो. २००३ पासून ‘युरोडॅक’ या सामाईक नोंदीत बोटांचे ठसे जातात. ठसा ग्रीसच्या लेसबॉस बेटावर पडला की जबाबदारी ग्रीसची. भाऊ कुठं राहतो हे सिद्ध करायला कागद लागतात, आणि जो होडीतून येतो त्याचे कागद बहुतेक वेळा पाण्यात गेलेले असतात. थोडक्यात, नकाशावर जो देश समुद्राकाठी त्याच्या माथी ओझं, आणि जो मध्यभागी त्याला सूट. भूगोलाच्या जोरावर चाललेला हा नियम पंचवीस वर्षं ‘तांत्रिक’ म्हणून खपला.

तो किती तकलादू आहे हे २०१५ च्या आधीच कोर्टात उघडं पडलं होतं. काबूलहून निघालेला, पूर्वी दुभाष्याचं काम केलेला एक अफगाण माणूस २००८ च्या अखेरीस लेसबॉसला उतरला. तिथं ठसे घेतले गेले, आठवडाभर कोठडी झाली. तो पुढं सरकत फेब्रुवारी २००९ मध्ये बेल्जियमला पोहोचला आणि तिथं अर्ज केला. बेल्जियमनं ग्रीसला पत्र धाडलं, ‘हा तुमचा’. ग्रीसकडून उत्तरच आलं नाही, आणि नियमाप्रमाणे मौन म्हणजे संमती. एप्रिलमध्ये संयुक्त राष्ट्रांच्या निर्वासित उच्चायुक्तालयानं बेल्जियमला लेखी कळवलं, की ग्रीसमधली स्थिती वाईट आहे, माणसं परत पाठवू नका. तरी जूनमध्ये त्याला अथेन्सच्या विमानात बसवलं. तिथं पुन्हा कोठडी, आणि बाहेर पडल्यावर राहायला शहरातली एक बाग.

२१ जानेवारी २०११ ला स्ट्रासबर्गच्या मानवी हक्क न्यायालयाच्या मोठ्या पीठानं निकाल दिला. ग्रीस दोषी होताच, पण बेल्जियमही दोषी, कारण काय होणार हे ठाऊक असून त्यानं माणूस पाठवला. नुकसानभरपाई किती, तर ग्रीसनं १,००० युरो आणि बेल्जियमनं २४,९०० युरो. हा आकड्यांमधला फरक मला त्या निकालाच्या कायदेशीर परिच्छेदांपेक्षा जास्त बोलका वाटतो. त्यानंतर ग्रीसकडे होणाऱ्या रवानग्या युरोपभर थांबल्या. नियम मात्र तसाच पुस्तकात राहिला. २०१३ ची सुधारणा झाली तेव्हाही पहिल्या प्रवेशाच्या निकषाला कुणी हात लावला नाही.

२२ सप्टेंबरची बैठक

२०१५ मध्ये दहा लाखांहून अधिक माणसं समुद्रमार्गे युरोपात आली, त्यातली साडेआठ लाखांच्या आसपास एकट्या ग्रीसमध्ये. तीन हजार सातशेहून अधिक वाटेत बुडाली किंवा बेपत्ता झाली. एप्रिलमध्ये लिबियाजवळ एकाच बोटीबरोबर सुमारे आठशे माणसं गेली, २ सप्टेंबरला तुर्कस्तानच्या किनाऱ्यावर आयलान कुर्दी या लहानग्याचं शरीर वाहून आलं. पुढच्याच आठवड्यात युरोपीय आयोगाचे अध्यक्ष जाँ-क्लोद युंकर यांनी युरोपीय संसदेत वाटणीचा प्रस्ताव ठेवला.

१४ सप्टेंबरला चाळीस हजारांचा पहिला निर्णय झाला. २२ तारखेला सदस्य देशांच्या मंत्र्यांच्या बैठकीत एक लाख वीस हजारांचा दुसरा. कायद्याचा आधार पक्का होता. संघाच्या कामकाजाच्या कराराचं कलम ८० सांगतं, की आश्रयाच्या धोरणात देशांची एकजूट आणि जबाबदारीची न्याय्य वाटणी हे तत्त्व पाळायचं. वाटा ठरवायचं सूत्रही डोकं लावून केलेलं होतं: लोकसंख्येला ४० टक्के वजन, अर्थव्यवस्थेच्या आकाराला ४०, आधी घेतलेल्या आश्रयार्थींना १० आणि बेरोजगारीला १०. जो देश माणूस घेईल त्याला दरडोई ६,००० युरो.

अशा निर्णयावर शक्यतो एकमत होईपर्यंत वाट पाहायची, अशी ब्रुसेल्सची, म्हणजे संघाच्या मुख्यालयाची, रीत. त्या दिवशी ती मोडली. आसेलबॉर्न अध्यक्षस्थानी होते, मतदान घेतलं गेलं. हंगेरी, चेक प्रजासत्ताक, स्लोव्हाकिया आणि रोमानिया विरोधात, फिनलंड तटस्थ. बहुमतानं ठराव मंजूर. स्लोव्हाकियाचे पंतप्रधान रॉबर्ट फित्सो यांनी आपण तो मानणार नाही असं लगोलग जाहीर केलं.

मारून मुटकून मत घेतलं म्हणून योजना बुडाली, असं तेव्हापासून सांगितलं जातं. यात तथ्य आहे, पण अर्धंच. हंगेरीचा वाटा १,२९४ माणसांचा होता, स्लोव्हाकियाचा ९०२. साऱ्या युरोपीय संघाचा हिशेब केला तर तीन हजार वस्तीच्या गावामागे एक माणूस, त्याहूनही थोडं कमीच. एवढ्यावरून सरकारं पेटतात तेव्हा भांडण माणसांच्या संख्येवर नसतं.

हंगेरीचं उदाहरण तर फार विचित्र. त्या वर्षी तिथं पावणेदोन लाखांहून जास्त अर्ज झाले होते, म्हणजे भार खरोखर होता. मूळ आराखड्यात हंगेरी मदत देणाऱ्यांत नव्हे तर मदत घेणाऱ्यांत होती: तिच्या भूमीवरचे ५४,००० आश्रयार्थी इतरांनी उचलायचे होते. तिथले तेव्हाचे पंतप्रधान व्हिक्टर ओर्बान यांनी ही मदत नाकारली. ती घेतली असती तर आपण दारावरचा देश आहोत आणि अर्ज तपासणं आपलं काम आहे, हे कबूल करावं लागलं असतं. त्यांना कुंपण हवं होतं, आणि सर्बियाच्या सीमेवर ते सप्टेंबरच्या मध्याला उभंही राहिलं. पुढं २ ऑक्टोबर २०१६ ला वाटणीच्या विरोधात सार्वमत घेतलं. वैध मतांपैकी सुमारे ९८ टक्के विरोधात गेली, पण निम्मे मतदारही फिरकले नाहीत आणि सार्वमत अवैध ठरलं.

आणि पोलंड. त्या बैठकीत पोलंडनं बाजूनं मत दिलं होतं, हे आता फारसं कुणाला आठवत नाही. महिन्याभरात तिथं निवडणूक झाली, सरकार बदललं, आणि ६,१८२ च्या वाट्यातला एकही माणूस घेतला गेला नाही. कोल्हापूरकरांना हे वाचताना वळिवडे आठवेल. सोव्हिएत सत्तेनं सैबेरिया-कझाकस्तानात हद्दपार केलेली, इराणमार्गे सुटलेली पाच हजारांच्या आसपास पोलिश माणसं, बहुतांश बायका आणि मुलं, १९४३ ते १९४८ पंचगंगेकाठच्या त्या छावणीत राहिली. पोलंडमध्ये ही आठवण आजही आदरानं जपतात. ती राजकारणात कामी आली नाही, एवढंच.

योजना दोनदा उपाशी राहिली

आता मुख्य भाग, कारण चर्चेत नेमका हाच गाळला जातो. हट्टी सरकारं तीन-चारच होती. उरलेल्यांनी आपला वाटा पुरता उचलला असता तरी मोठा आकडा गाठता आला असता. तो का गाठला गेला नाही?

पहिले सहा महिने माणसांनाच ही योजना नको होती. ग्रीसमधून मॅसेडोनिया, सर्बिया, ऑस्ट्रिया असा रस्ता तेव्हा उघडा होता. बस, रेल्वे आणि पायपीट करून आठवड्याभरात जर्मनी गाठता येई. उलट योजनेत नाव घातलं, तर अथेन्समध्ये महिनोन्महिने थांबायचं आणि शेवटी कोणता देश पदरात पडेल ते दुसऱ्यानं ठरवायचं. हॅम्बुर्गला मामा असताना लाटव्हियाची चिठ्ठी निघाली तर? देश निवडायचा अधिकार अर्जदाराला नव्हता. घेणाऱ्या सरकारांना मात्र आडून आडून होता: कुणाला कुटुंबंच हवीत, एकटे पुरुष नकोत; कुणी सुरक्षेची मुलाखत महिनोन्महिने लांबवली. स्लोव्हाकियानं तर आधीच ख्रिश्चनच घेऊ असं सांगून टाकलं होतं.

मग मार्च २०१६ मध्ये हा बाल्कनमधला रस्ता बंद झाला. ग्रीसमधल्या इडोमेनीच्या शेतात, मॅसेडोनियाच्या सीमेच्या तारेपाशी, दहा हजारांवर माणसं चिखलात अडकली. आता योजनेशिवाय वाट नव्हती, रांगा लागल्या. पण नाव नोंदवायला स्काइपवरून आश्रय खात्याला फोन लावावा लागे, प्रत्येक भाषेला आठवड्यातले ठरावीक तास. तंबूत राहणाऱ्या माणसानं उधारीचं इंटरनेट घेऊन दिवसेंदिवस न लागणारा फोन लावत बसायचं! युरोपच्या एकजुटीचा दरवाजा म्हणजे ही घंटी होती.

त्याच महिन्यात, १८ मार्चला, तुर्कस्तानशी समझोता झाला. २० मार्चनंतर बेटांवर उतरलेल्यांना वाटणीची योजना व्यवहारात बंद झाली. त्यांना बेटांवरच ठेवायचं आणि परत पाठवायचं धोरण आलं. म्हणजे आधी माणसं योजनेकडे आली नाहीत आणि ती यायला लागली तेव्हा दार लोटलं गेलं.

तिसरी मेख पात्रतेची. ज्या देशाच्या नागरिकांना युरोपात सरासरी ७५ टक्के प्रकरणांत आश्रय मिळतो, त्यांनाच योजना लागू. सीरियन आणि एरिट्रियन बसले. इराकी काही महिने बसले, मग टक्का घसरला आणि २०१६ च्या मध्याला ते बाहेर पडले. बेटांवर उतरणाऱ्यांत दुसऱ्या क्रमांकावर असलेले अफगाण कधीच बसले नाहीत. ते तिथंच साचत गेले. लेसबॉसच्या मोरिया छावणीची क्षमता तीन हजारांच्या आतबाहेर, आणि २०२० च्या सुरुवातीला तिच्यात आणि आसपासच्या ऑलिव्हच्या बागांत वीस हजारांच्या जवळ माणसं होती. सप्टेंबरमध्ये ती जळून खाक झाली.

सप्टेंबर २०१७ मध्ये योजनेची मुदत संपली. ग्रीसमधून सुमारे बावीस हजार, इटलीतून साडेबारा हजारांहून थोडे अधिक. चेक प्रजासत्ताकानं १२ माणसं घेतली. हंगेरी आणि पोलंड शून्य. बाल्टिक देशांत पाठवलेल्यांपैकी बरेच जण काही महिन्यांत उठून जर्मनीकडे गेले. ज्याला जिथं जायचं नाही तिथं त्याला ठेवणं कागदावरच शक्य असतं.

लोकांना नको होतं?

‘लोकांना नको आहे’ हे वाक्य तपासायला बार्सिलोनाला जाऊ. स्पेनचा वाटा ९,३२३ चा. मार्च २०१६ मध्ये बार्सिलोनाच्या महापौर आदा कोलाऊ यांनी अथेन्सशी थेट करार केला: शंभर जण आम्ही घेतो, खर्चही आम्ही करतो. माद्रिदच्या केंद्र सरकारनं परवानगी नाकारली, कारण आश्रय हा केंद्राचा विषय. १८ फेब्रुवारी २०१७ ला त्या शहराच्या रस्त्यांवर ‘आम्हाला आश्रय द्यायचाय’ अशा घोषणा देत मोर्चा निघाला. शहर पोलिसांच्या अंदाजानं त्यात १,६०,००० माणसं होती. योजनेतला आकडा आणि हा आकडा एकच निघावा, हा योगायोग आहे, पण तो माझ्या डोक्यातून जात नाही. मुदत संपली तेव्हा स्पेननं घेतलेली माणसं दीड हजारही नव्हती.

मोरियाच्या आगीनंतर बर्लिनसह कित्येक जर्मन शहरांनी जागा देऊ केली, तिथंही परवानगीची किल्ली केंद्राच्या गृहखात्याकडेच राहिली. युरोपीय कायदा फक्त देशांना ओळखतो. ज्या गावात खोली रिकामी आहे आणि शाळेत पट कमी आहे, त्या गावाला ब्रुसेल्समध्ये खुर्ची नाही.

कोर्टानं आपलं काम केलं. स्लोव्हाकिया आणि हंगेरीचं आव्हान युरोपीय न्यायालयानं ६ सप्टेंबर २०१७ ला फेटाळलं, बहुमतानं घेतलेला निर्णय कायदेशीर ठरवला. २ एप्रिल २०२० ला पोलंड, हंगेरी आणि चेक प्रजासत्ताकानं कायदा मोडला असाही निकाल दिला: सुरक्षेचं कारण द्यायचं तर एकेका माणसाबद्दल पुराव्यासह द्या, सरसकट नाही. उत्तम निकाल. फक्त योजना संपून अडीच वर्षं झाली होती आणि त्या निकालाच्या जोरावर हलवायला एकही माणूस उरला नव्हता.

संसदेनं प्रयत्न केला होता, हेही नोंदवायला हवं. नोव्हेंबर २०१७ मध्ये स्वीडनच्या खासदार सेसिलिया विकस्ट्रॉम यांच्या मसुद्यावर मोठं बहुमत झालं. पहिल्या प्रवेशाचा निकष काढून टाका, आधी कुटुंब आणि जुने संबंध पाहा, नंतर ठरावीक सूत्रानं वाटा, असा तो मसुदा. मंत्र्यांच्या परिषदेत त्याचं भिजत घोंगडं पडलं आणि २०१९ ला मुदतीबरोबर तो गेला. अर्थशास्त्रातूनही त्याच सुमारास सूचना येत होती: हेसुस फर्नांदेझ-हुएर्तास मोरागा आणि हिलेल रापोपोर यांनी मांडलं, की देशांचे वाटे ठरवताना निर्वासितांची पसंती आणि देशांची पसंती दोन्ही लेखी घ्या आणि जुळवा. वैद्यकीय प्रवेशात आपण पसंतीक्रम भरतो, तसंच काहीसं.

मार्च २०२२

युक्रेनवर हल्ला झाल्यावर आठवड्याभरात, ४ मार्च २०२२ ला, युरोपीय संघानं २००१ पासून धूळ खात पडलेला ‘तात्पुरत्या संरक्षणा’चा कायदा पहिल्यांदा वापरला. मुलाखती नाहीत, वाटे नाहीत. ज्याला ज्या देशात जायचं तिथं जावं आणि काम करावं. चाळीस लाखांहून अधिक लोकांनी संरक्षण घेतलं. पोलंडमध्ये नऊ-दहा लाख. लोकसंख्येच्या मानानं सर्वांत जास्त भार उचलणाऱ्यांत चेक प्रजासत्ताक पुढं; तेच, ज्यानं १२ माणसं घेतली होती.

याला सोपं उत्तर आहे: शेजारी, गोरे, ख्रिश्चन. ते उत्तर बरंचसं खरं आहे आणि ते लपवून वकिली करू नये. युक्रेनच्या लोकांना व्हिसाशिवाय फिरता येत होतं, हाही मोठा फरक. शिवाय मोकळी निवड दिली तर माणसं सारखी पसरत नाहीत; जर्मनीत गर्दी होतेच, आणि तिथले घरभाडं देणारे त्याबद्दल गप्प राहत नाहीत. तरीही यंत्रणा म्हणून जे दिसलं ते दिसलं. माणूस नातेवाईक, ओळख आणि कामाच्या दिशेनं गेला तर तो टिकतो, आणि त्याच्यामागे बोटांचे ठसे घेऊन पोलीस पाठवावे लागत नाहीत.

नवा करार

मे २०२४ मध्ये स्थलांतर आणि आश्रयाचा नवा करार मंजूर झाला, अंमल २०२६ च्या मध्यापासून. एकजूट आता सक्तीची, पण रूप ज्याचं त्यानं निवडायचं: माणसं घ्या, पैसे द्या किंवा मनुष्यबळ पाठवा. कायद्यातला वार्षिक पाया ३०,००० माणसांचा. न घेतलेल्या प्रत्येक माणसामागे २०,००० युरो. २०१५ मध्ये माणूस घेतला तर ६,००० मिळत होते, आता टाळायचा तर २०,००० मोजायचे. हंगेरी आणि पोलंडनं तरीही विरोधातच मत दिलं.

पहिल्या प्रवेशाचा निकष काढलेला नाही. उलट, बेकायदा आलेल्या माणसाची जबाबदारी पूर्वी बारा महिन्यांनी सुटायची, ती आता वीस महिने चिकटते. माझ्या मते करारात वकिली करण्याजोगी जागा त्यामुळे वाट्यांच्या आकड्यांत नाही. आकड्यांवर दरवर्षी मंत्री घासाघीस करतीलच. जागा निकषांच्या यादीत आहे. तिथं एक चांगली भर पडली: सदस्य देशातल्या संस्थेची पदवी असेल तर अर्ज त्या देशाकडे जाऊ शकतो. म्हणजे ‘जिथं संबंध आहे तिथं’ हे तत्त्व त्यांना मान्य आहे, फक्त ते विद्यापीठाच्या कागदाला लागू होतं.

आयोगाच्या २०२० च्या प्रस्तावात कुटुंबाच्या व्याख्येत भाऊ-बहीण होते. वाटाघाटीत ते गळले. स्टुटगार्टमध्ये दहा वर्षं राहणारा, घर आणि नोकरी असलेला सख्खा भाऊ तयार आहे, विमानाचं तिकीट काढून देतोय, आणि अथेन्समधली सज्ञान बहीण कायद्याच्या नजरेत त्याची कुणी नाही. तिचा ठसा लेसबॉसला पडलाय.